खायाचा नाय, मंग टांगलास कशाला?

कसाऱ्याला जाणारी संध्याकाळची लोकल आसनगावला निम्मी रिकामी होते आणि मगच तिच्यातलं सामान नजरेला पडतं. तोवर ते माणसांच्या मागे, पायांशी, मांडीवर, कुशीत दडून बसलेलं असतं. आटगाव, तानशेत, खर्डी अशी स्टेशनं मागे पडू लागली, वारा मोकळा झाला, की रॅकवरचा ऐवज एकेक करून ओळख देऊ लागतो. गुंडाळी केलेलं फुलाफुलांचं मेणकापड. वर्तमानपत्रात बांधलेलं भिंतीवरचं घड्याळ, कागदाच्या आतही आपली टिकटिक न सोडणारं. दादरला घासाघीस करून घेतलेले पडदे. आणि हमखास कुठेतरी प्लास्टिकच्या गुलाबांचा एक गुच्छ. या गुच्छाचा मान मोठा. सीएसएमटीपासून कसारा १२० किलोमीटरच्या आसपास. एवढ्या वाटेत कोपर लागलं म्हणून शेजारणीच्या सात पिढ्या काढणाऱ्या बायका गुच्छवालीला मात्र अंग चोरून जागा देतात. "जपून गं, पाकळी वाकेल," असंही कुणी म्हणतं. पाकळी प्लास्टिकची आहे, वाकली तर पुन्हा सरळ होईल, हे डब्यात सगळ्यांना ठाऊक असतं. पण कुणीतरी घर सजवायला निघालंय म्हटल्यावर त्याला वाट द्यायची, एवढी रीत या गर्दीतही टिकून आहे.

सकाळच्या गाड्यांमध्ये व्यवहार नेमका उलटा. तेव्हा कसारा, उंबरमाळी, खर्डीच्या फलाटांवरून टोपल्या चढतात. चैत्र-वैशाखात करवंदं आणि जांभळं, पानांच्या द्रोणांसकट. पाऊस लागला की कंटोली, कुर्डू, टाकळा, भारंगी, बांबूचे कोंब. गणपतीत दुर्वा आणि रानातली फुलं. दसऱ्याला आपट्याची डहाळी. कातकरी आणि ठाकूर बायका हे सगळं डोक्यावरून उतरवून दाराजवळच्या कोपऱ्यात रचतात आणि टोपलीवर हात ठेवून डुलक्या काढतात. म्हणजे सकाळी इथली खरी पानं-फुलं मुंबईला जातात आणि संध्याकाळी त्याच रुळांवरून प्लास्टिकची पानं-फुलं इथे येतात. या देवाणघेवाणीत नक्की कोण फसतंय, याचा मी खिडकीशी बसून पुष्कळ विचार केलेला आहे. अजून निकाल लागलेला नाही. तिकीट मात्र दोन्ही बाजूंचं फाटतं.

आमचं घर याच कसाऱ्यात. मुंबईकरांना हे नाव इंडिकेटरमुळे पाठ असतं, पण इथे उतरायची वेळ त्यांच्यावर क्वचित येते. नाशिककडे जाणाऱ्यांना ते आठवतं ते गाडी इथे थांबते म्हणून, आणि गाडी थांबते ती घाटामुळे. थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला पोचली ती १ जानेवारी १८६५ या दिवशी, आणि तो चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर जाते. वाचताना हे काहीच वाटत नाही, पण गाडीला वाटतं. म्हणून कसाऱ्याला मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडतात. ती जोडेपर्यंत माणसांनी काय करायचं? वडा खायचा. तिकडे बोरघाटाच्या पायथ्याशी कर्जत. तिथेही चढ ३७ ला १, तिथेही बँकर, आणि तिथेही वडा. इतक्या चढाला बटाटेवडा लागतोच, असा काही नियम घाट बांधणाऱ्या साहेबांनी लिहून ठेवला नसेल, पण दोन्ही पायथ्यांशी कढई आपोआप तापली खरी. पावसाळ्यात ढग फलाटावर उतरलेले असतात, पुढचा डबा दिसत नाही, आणि त्या पांढऱ्या धुकटातून "गरम, गरम" एवढाच आवाज येतो. मग धुकटातून एक हात पुढे येतो. हाताला वडा असतो. तेवढ्यापुरती तरी ही सृष्टी कुणीतरी विचारपूर्वक निर्माण केली असावी असं वाटतं.

खाण्याच्या बाबतीत कसाऱ्यावर भूगोलाची अशी कृपा आहे. सजावटीच्या बाबतीत आम्ही आपापलं बघून घेतो. आमच्या घराची जमीन बघितलीत तर पाहुणे थबकतात. बैठकीच्या खोलीत चार प्रकारच्या टाइल्स आहेत. मुंबई-नाशिक हायवेवरच्या एका गोदामात सेकंडचा माल निघतो. एखादा कोपरा उडालेला, एखादा रंग उतरलेला, बहुतेक वेळा नगच कमी उरलेले. एका नक्षीने खोली पुरी होईना, म्हणून चार नक्ष्या घेतल्या. मिस्त्रीने त्या लावताना मला विचारलं होतं, "डिझाइन कसं करायचं?" मी म्हटलं, "जसं पुरेल तसं." तेव्हापासून दाराशी निळी वेल, मधे राखाडी दगडी पोत, खिडकीखाली शेंदरी चौकडी आणि उरलेल्या कोपऱ्यात संगमरवर असल्याचा आव आणणारं पांढरं काहीतरी, असा सगळा कारभार आहे. पुण्याहून आलेल्या एका आर्किटेक्ट भाचीने त्याला फार चांगलं नाव ठेवलं, आणि हल्ली हीच फॅशन आहे असंही सांगितलं. मी गंभीरपणे मान हलवली. स्वस्तात उरकलेल्या गोष्टीला पुढे फॅशनने गाठावं, यासारखं समाधान नाही.

स्वयंपाकघराचं दार मात्र माझं लाडकं. ते जुन्या मालाच्या वखारीतून आलं. गिरणगावातली कुठलीशी चाळ पाडली तेव्हाचं, अस्सल सागवानी, आणि नव्या फळकुटाच्या दाराहून स्वस्त. त्याच्यावर खोली नंबर १७ असा पितळी आकडा आहे आणि छातीच्या उंचीवर पत्रं टाकायची फट. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघराला पत्ता आहे. मुलं लहान होती तेव्हा बाहेरून त्या फटीतून चिठ्ठ्या टाकायची: "भजी हवीत. लवकर." आतून उत्तरादाखल भजं सरकवायचं. वरच्या चौकटीला खिळ्यांची रांग होती. नीट पाहिलं तर जुने खिळे गंजून बसलेले, त्यांच्या शेजारी त्याहून नवे, पुन्हा त्यांच्या शेजारी आणखी नवे. कुणीतरी दर दसऱ्याला त्या दाराला तोरण बांधलं असणार आणि दर वेळी जुना खिळा सापडला नसणार. मी ते खिळे काढू दिले नाहीत. परक्या घरातले दसरे असे फुकट पदरात पडले तर कोण सोडील? आम्ही आमचं तोरण त्यांतल्याच एका खिळ्याला बांधतो.

सोफ्याची कथा थोडक्यात सांगते, कारण सोफा दिसतच नाही. तो उल्हासनगरचा. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले, १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि हातात काही नसलेल्या त्या माणसांनी जगातली कुठलीही वस्तू बनवून दाखवायचा सपाटा लावला. 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जुना विनोद त्यातूनच आला, आणि मला तो नेहमी विनोदापेक्षा सलाम वाटत आला आहे. तर तिथून आम्ही राजेशाही थाटाचा मखमली सोफा आणला. कसाऱ्याच्या पावसात मखमलीला बुरशी येते म्हणून त्याच्यावर चादर घातली, चादर मळते म्हणून तिच्यावर मेणकापड, आणि मेणकापडाला चिकटायला होतं म्हणून त्याच्यावर सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. बसायला मिळते ती गोधडीच, आणि ती तर सोफ्याच्या आधीपासून घरात होती.

आता ज्यासाठी एवढं सगळं सांगितलं त्या मक्याकडे वळते. घर सजलं तेव्हा डोंबिवलीच्या वहिनींनी वास्तुशांतीला एक भेट दिली: सुतळीच्या वेणीत ओवलेली प्लास्टिकची कणसं, लसणाचे गड्डे, लाल मिरच्या आणि एक रबरी वांगं. स्वयंपाकघराला गावाकडचा स्पर्श हवा म्हणून. गाव दाराबाहेर सुरू होत होतं, पण वहिनींचा जीव मोठा. मी ती वेणी ओट्याच्या बाजूला टांगली. शेजारच्या पाड्यावरच्या आजी कधीमधी लाकूडफाटा, कधी भाजी घेऊन यायच्या. त्या दिवशी आल्या, चहा घेतला, आणि कणसावर नजर खिळवून बसल्या. शेवटी उठून त्यांनी त्याला नख लावून पाहिलं.

"बाय, ह्यो मका खायाचा नाय?"

"नाही आजी, शोभेचा आहे."

आजींनी कणसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आवाजात टोमणा नव्हता. खरोखरची चौकशी होती.

"खायाचा नाय, मंग टांगलास कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. सौंदर्यशास्त्रावर पुष्कळ मोठमोठे ग्रंथ मराठीत झाले आहेत. त्यांतलं एखादं वाक्य तरी आठवावं म्हणून मी धडपडले. आजींनी वाट पाहिली आणि मग चहाची बशी विसळून ठेवून त्या गेल्या. चार-सहा दिवसांनी आल्या त्या खऱ्या कणसांची जोडी घेऊन. पाती मागे वळवून एकमेकींना गाठ मारलेली, दाणे गव्हाळ आणि मधे मधे जांभळट. ती त्यांनी स्वतःच त्या वेणीच्या शेजारी टांगली. "बियाला ऱ्हातील," म्हणाल्या, "नायतर खाशील." पावसाळ्यात उंदराने येऊन दोन्ही चाखून पाहिली. प्लास्टिकच्या कणसावर दोन दातांची खूण आहे. खऱ्याचं फक्त बुरकुंड उरलं. कलासमीक्षा इतक्या कमी शब्दांत मी अन्यत्र वाचलेली नाही.

त्यानंतर मी आजींच्या घरात गेले की वर बघायला लागले. पूर्वी खालीच बघत असे, कारण सारवलेल्या जमिनीवर चप्पल घेऊन पाऊल पडेल अशी भीती. वरचा पसारा वेगळाच आहे. आढ्याला शिंक्यात मडकं. त्याच्या बाजूला पांढऱ्या कांद्याच्या माळा, चांदीच्या दागिन्यासारख्या मंद चमकणाऱ्या. मिरच्या. पुढच्या वर्षीच्या बियाण्याची पिवळी पडलेली काकडी. चुलीच्या बरोबर वर, धुरात काळवंडत, सुक्या मासळीची पुरचुंडी. आगोटीला घेतलेले बोंबील, वाकट्या, सुकट, कारण पाऊस एकदा लागला की बाजार दूर जातो. आणि एक मोठा, वाळलेला भोपळा. त्या भोपळ्यापुढे मला संकोच वाटतो. कोवळा असता तर त्याची भाजी झाली असती. जून झाला म्हणून बियाणं झाला. बियाणं काढून घेतल्यावर आत पाणी भरून रानात न्यायचं भांडं होईल, किंवा उभा चिरला तर डाव होईल, किंवा योग्य माणसाच्या हाती लागला तर बांबूच्या नळ्या आणि मेण लावून तारपा होईल आणि आख्ख्या पाड्याला रात्रभर फेर धरायला लावील. एवढ्या शक्यता पोटात घेऊन तो नुसता टांगून राहिलेला असतो, निवृत्तीच्या आदल्या दिवशीच्या हेडमास्तरासारखा, कुणाला काही न बोलता. माझ्या रबरी वांग्याला असलं काही भवितव्य नाही.

त्या घराच्या भिंतीही सांगण्यासारख्या. कारवीच्या काड्यांचा कूड, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेला. कारवी सात वर्षं नुसती पानांवर काढते, आठव्या वर्षी सह्याद्रीचे उतारच्या उतार जांभळे करून टाकते, बी धरते आणि मरते. मग तिच्या वाळक्या काड्यांच्या भिंती होतात. म्हणजे त्या घरात ज्या भिंतीला आपण टेकून बसतो ती एकदा फुलून गेलेली असते. आमच्या सिमेंटच्या भिंतीवर फुलांचा वॉलपेपर लावायचा म्हटला तर चौरस फुटाचा भाव विचारावा लागतो.

आणि अशाच भिंतींवर वारली लग्नात चौक काढतात तो तांदळाच्या पिठाने. आमच्याकडे शहापूर तालुक्यात वारली वस्ती आहेच; खालच्या अंगाला डहाणू, तलासरीकडे ती अधिक. लग्नघरी सवाशिणी गेरूच्या भिंतीवर देवीचा चौक लिहीत. तांदूळ वाटून त्याचं पाणी हा रंग, आणि बांबूची काडी टोकाशी चावून मऊ केली की ती कुंचला. रंग खायचा आणि कुंचलाही तोंडातून आलेला. १९७० च्या पुढे ही चित्रं कागदावर आणि कापडावर उतरली. जिव्या सोमा मशे हे डहाणूकडचे चित्रकार ती घेऊन जगभर फिरले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता तीच माणसं, दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून उभी असलेली, कपांवर, उशांच्या अभ्र्यांवर, ओढण्यांवर आणि मोबाइलच्या कव्हरांवर फेर धरतात. मी स्वतः वारली चित्राचा छापील पडदा दादरला घेऊन, लोकलने अडीच तास सांभाळून कसाऱ्याला आणलेला आहे. आजींनी पडद्याला हात लावून पाहिला. त्या ठाकूर, वारली नव्हेत, तरी म्हणाल्या, "आमच्या सोयऱ्याच्या लग्नात काढतात तसंच की." मग थोडं थांबून, "धुतल्यावं जात नाय?" नाही जात, मी म्हटलं. त्यांना ते तितकंसं पटलं नसावं. लग्नाचा चौक पुढे पुसट होतो, आणि घरात दुसरं लग्न निघालं की नवा काढतात.

खायच्या वस्तूंनी घर सजवायचं, ही काही फक्त पाड्यावरची तऱ्हा नव्हे. आपण सगळेच पूर्वी तसे होतो, फक्त सणापुरते. गुढीला साखरेची गाठी बांधायची आणि ती उतरवताना मुलांच्या माना वर. संक्रांतीला नव्या सुनेच्या आणि बाळाच्या अंगावर हलव्याचे दागिने. बाळ आपला बाजूबंद चोखत बसलेलं. नवरात्रात कोल्हापूरकडे देवीवर कडाकणी टांगतात, गौरींवर करंज्या-लाडवांचा फुलोरा. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे गोव्यातली माटोळी. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट बांधतात आणि तिला नारळ, सुपारीचे घड, चिबूड, भोपळे, रानातली नावं माहीत नसलेली फळं असे शेकडो जिन्नस टांगतात. तिकडच्या कला आणि संस्कृती संचालनालयातर्फे माटोळीच्या स्पर्धाही होतात. मी एकदा फोंड्याकडच्या एका घरी माटोळीखाली जेवायला बसले होते. मान वर केली तर निम्मा पश्चिम घाट पानावर पडेल असं वाटत होतं. यजमानांनी सांगितलं, विसर्जन झालं की हे सगळं वाटून खायचं. आरास उतरवताना कुणाचाच चेहरा पडत नाही, अशी आरास मी तिथेच पाहिली. आपल्याकडे मखर गुंडाळून माळ्यावर टाकताना घरात कशी मयताची कळा येते!

बाकी मराठी भिंत ही मुळातच गरिबीतून सजलेली. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि त्या छापखान्याने लक्ष्मी आणि सरस्वती सामान्यांच्या ऐपतीत आणून ठेवल्या. तोवर देव देव्हाऱ्यात होते; ते भिंतीवर आले, तसबिरीला काच लागली, काचेला खिळा, खिळ्याला हार. त्यानंतर भिंतीवर खरं राज्य केलं ते दिनदर्शिकेने. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय काढलं आणि पानामागे पाककृती यायला लागल्या. भिंतीला हे फार मोठं वळण होतं असं माझं मत आहे. तारीख पुढून, अळूवड्या मागून. सासूबाई पाककृती वाचायला पीठ लागलेल्या हातांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढायच्या, त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या संकष्ट्यांवर हळदीची बोटं आणि एकादश्यांवर बेसन आहे. गेलेला महिना फाडून टाकायचीही सोय नाही, कारण त्याच्या पाठीवर सुरळीच्या वड्या. असे कित्येक मार्च आणि ऑगस्ट आमच्या फडताळात साठले आहेत. कधी चाळायला घेतले की पुढची बाजू सांगते, त्या दिवशी दूध किती घेतलं आणि गॅस कधी लागला. मागची बाजू सांगते, त्या महिन्यात काय खायची इच्छा होती. खरोखर काय शिजलं ते मात्र दोन्हीकडे लिहिलेलं नसतं.

एक सजावट अशी आहे की तिच्याबद्दल हसू येत नाही. फेब्रुवारी-मार्च उलटला की आमच्या भागातल्या घरांपुढे निळी प्लास्टिकची पिंपं ओळीने उभी राहतात. कुणाच्या पिंपावर ऑइलपेंटने आडनाव, कुणाच्या पिंपावर नुसतं कमळ. तानसा धरण १८९२ चं, भातसा त्याच्या पुष्कळ नंतरचं. दोन्ही आमच्याच शहापूर तालुक्यात, आणि दोन्हींचं पाणी मुंबई पिते. इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ज्या तालुक्यात पावसाळ्यात सोफ्याला बुरशी येते तिथेच मे महिन्यात हंड्याला कोरड पडते. आजी पिंपावर पालथं पातेलं आणि त्या पातेल्यावर तुळशीचं रोप ठेवतात. पिंप पूर्ण रिकामं झालं तरी तुळशीला घोटभर असतं.

मग मृगाच्या आधी एखादी वळवाची सर येते, माती वास सोडते, आणि रानात शेवळं वर येतात. पान नाही, फांदी नाही. जमिनीतून थेट एक दांडा आणि त्याला किरमिजी, जांभळट गुंडाळी, मिटलेल्या छत्रीसारखी. सुरणाच्या कुळातलं हे फूल, उमलण्याआधीच खुडतात. आजी जुडी घेऊन आल्या त्या दिवशी उशीर झाला होता, म्हणून मी ती रात्रीपुरती पाण्यात ठेवली, आणि रिकामं भांडं म्हणून हाताला लागली ती फुलदाणी. सकाळी डोंबिवलीच्या वहिनी आल्या होत्या. बराच वेळ जुडीकडे पाहून म्हणाल्या, "काय सुरेख आहेत! उल्हासनगरला मिळाली का?" मी म्हटलं, दुपारी सांगते. मग आम्ही दोघी खोली नंबर १७ मध्ये जाऊन निवडायला बसलो. वरची पारी सोलायची. आतला पिवळा, दाणेदार भाग काढून टाकायचा, हयगय करायची नाही. उरलेलं अगदी बारीक चिरायचं. तेलावर कांदा, लसूण, मिरची. त्यात शेवळं परतायची, आणि काकडं ही रानफळं ठेचून त्यांचा आंबट रस घालून रटरटू द्यायची. आजी त्यात वालाची डाळ टाकतात. आमच्या सीकेपी शेजारणी कोळंबी टाकतात आणि डाळवाल्यांकडे दयेने बघतात. दोन्ही प्रकार तांदळाच्या भाकरीबरोबर चार प्रकारच्या टाइल्सवर मांडी घालून खाल्लेले आहेत. माझं मत विचाराल तर डाळीचा.

वहिनींनी दोनदा वाढून घेतलं. जाताना त्यांनी ओट्याशेजारची आपली वेणी पाहिली, दातांची खूणही पाहिली, आणि पुढच्या वेळी खरा लसूण आणीन म्हणाल्या. आणतीलही. डोंबिवलीच्या बाजारात तो आमच्यापेक्षा स्वस्त आहे.

शेवळं पहिल्या पावसाच्या आगेमागे थोडेच दिवस मिळतात. कल्याण-ठाण्याच्या स्टेशनबाहेर, पुलाच्या पायऱ्यांवर टोपली दिसली तर घासाघीस करत बसू नका, घ्या. आणि जुडीबरोबर काकडं नक्की मागून घ्या, दोन-चार जास्तच. ती नसतील तर चिंचेचा कोळ सढळ हाताने घाला, नाहीतर रात्रभर घसा खाजेल.